समुद्राची भूमिका

स्मरणिका समितीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अमृतमहोत्सवानिमित्त शाळेविषयी पाचशे शब्दांत मनोगत पाठवा. मी १९७८ च्या दहावीचा. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला, कारण दर वेळी शाळा बाजूला राहते आणि बाईच पुढे येतात. शेवटी म्हटलं, येऊ देत. कवायत, प्रार्थना, वार्षिक तपासणी यांवर बाकीचे लिहितीलच. पाचशे शब्दांत बसणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

बाई म्हणजे इतिहासाच्या बाई. नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. चौथीच्या पोरांपासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांना त्या ‘बॉस्टनच्या बाई’ म्हणूनच माहीत. त्या कधी पुण्यापलीकडे गेल्या असतील असं वाटत नाही. पण नववीला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा आला, की बाकीचे मास्तर जो दोन तासांत उरकत, तो त्यांना तीन आठवडे पुरायचा. पुस्तकात जेमतेम दीड-दोन पानं. बाईंचा फळा मात्र तळ्याकडच्या भिंतीपर्यंत भरून जायचा.

फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘तिकडे’, उजवीकडे ‘इकडे’. तिकडे डिसेंबर १७७३, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडाला. इकडे त्याच वर्षी ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. तिकडे एप्रिल १७७५, लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली. इकडे मार्चमध्ये राघोबादादांचा इंग्रजांशी सुरतेचा तह. तिकडे जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा; इकडे मार्चात पुरंदरचा तह. १७७७ साली तिकडे साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूला झुकला. इकडे त्याच वर्षी सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांच्या पाहुणचारात, आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडालेली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी मराठ्यांसमोर गुडघे टेकले. साराटोगाचा करार जिंकणाऱ्यांनीच पाळला नाही आणि वडगावचा हरणाऱ्यांच्या वरिष्ठांनी फेटाळला, असं सांगून बाई खडू खाली ठेवायच्या आणि आमच्याकडे बघत बसायच्या. आम्ही डबा कधी खायचा याच्या विचारात.

बाई सांगायच्या, वसाहत म्हणजे आधी कंपनी. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाऊनला उतरलेले शंभरेक पुरुष धर्मासाठी गेले नव्हते, भागधारकांच्या पैशाने सोनं शोधायला गेले होते. सोनं मिळालं नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीर खाल्ले आणि पाचशेच्या आसपास माणसांतली साठेक उरली. वसाहत तगली ती तंबाखूवर. ‘लिहून घ्या, तंबाखूवर,’ असं म्हणताना त्यांची नजर मागच्या बाकांकडे जायची, कारण तिथे कोणाच्या खिशात काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. धर्मासाठी गेलेले ते मेफ्लॉवर जहाजवाले. १६२० मध्ये एकशे दोन माणसं, आणि पहिल्याच हिवाळ्यात निम्मी संपली. उतरण्याआधी जहाजावरच एकेचाळीस जणांनी सह्या करून आपापसात ठरवलं, की कायदे आपणच करू आणि ते पाळूही. बाईंना हा सह्यांचा कागद फार आवडायचा.

पण अमेरिकेची आरती करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. १६१९ चा उन्हाळा हा त्यांचा खास प्रश्न. जुलैअखेर व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टअखेर त्याच किनाऱ्यावर जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं विकायला उतरवली. ‘महिन्याभराचं अंतर. एका उत्तरात दोन्ही आलं पाहिजे, नाहीतर अर्धे गुण.’ जमीन रिकामी होती असं कोणी लिहिलं, तर अर्धेसुद्धा नाहीत. तिथे पोहॅटन नावाच्या मूलनिवासी सरदाराच्या अमलाखाली तीसेक जमाती नांदत होत्या, आणि पहिली काही वर्षं इंग्रजांनी त्यांचाच मका खाऊन काढली.

आता १९७६ चं स्नेहसंमेलन. अमेरिकेच्या जाहीरनाम्याला त्या वर्षी दोनशे वर्षं झाली होती, म्हणून बाईंनी बॉस्टनच्या चहावर एकांकिका लिहिली. दिवस आणीबाणीचे. हेडसरांनी वही मागून घेतली आणि राजाला प्रश्न विचारणारी सगळी वाक्यं लाल पेन्सिलीने खोडून वही परत दिली. हेडसर वाईट नव्हते, भित्रे होते. त्या दिवसांत कोण नव्हतं? बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी शेवटचा सगळा प्रवेश मुका करून टाकला. पोरं जहाजावर चढतात, पेट्या फोडतात, चहा पाण्यात टाकतात आणि उतरतात, कोणी एक शब्द बोलत नाही. तालमीत आम्ही कुरकुर केली, तेव्हा म्हणाल्या, खरोखर तसंच झालं होतं. तीन जहाजं, तीनशे बेचाळीस पेट्या, आणि गाव चिडीचूप. चहाखेरीज कशाला हात लावला नाही. एक कुलूप तुटलं, तर तेही नंतर भरून दिलं.

चांगली कामं हुशार पोरांना गेली. मी आणि नववी अ मधला एक लंबू, आम्हा दोघांना समुद्र केलं. म्हणजे बाईंची निळी नारायणपेठ दोन टोकांना धरून, स्टेजवर उताणं पडून हलवत राहायचं. पेट्या बाजारपेठेतल्या वाण्याकडून आणलेल्या, चहाच्या खऱ्या खोक्यांच्या. रिकाम्या आहेत असं वाण्याने सांगितलं होतं, पण आतल्या चंदेरी कागदामागे बोटभर भुकटी साचली होती. तिसरी पेटी उलटी झाली आणि ती सगळी माझ्या नाकातोंडात. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. समुद्र शिंकला. एकदा नाही, सात वेळा. लंबूने हसू दाबायला साडीत तोंड खुपसलं, म्हणजे समुद्राचं दुसरं टोकही गेलं. पालक, पोरं, पहिल्या रांगेतले पाहुणे, सगळे हसत सुटले. हेडसरसुद्धा रुमाल तोंडाशी धरून हसत होते. बाईंच्या मुक्या प्रवेशाचं मी पार वाटोळं केलं.

दुसऱ्या दिवशी तासाला उभं केलं. मला वाटलं, साडीचा हिशेब होणार.

‘काल शिंकलास तो चहा कुठला होता?’

‘आसामचा, बाई. खोक्यावर लिहिलं होतं.’

‘आणि बॉस्टनला बुडाला तो?’

मी बेधडक ‘आसामचाच’ म्हणून मोकळा झालो. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा म्हणजे हिंदुस्थानचाच की!

‘चीनचा,’ बाई म्हणाल्या. ‘आसामचा चहा लंडनच्या लिलावात उभा राहायला १८३९ साल उजाडलं. बस खाली. आता सांग, बॉस्टनमध्ये चहा महाग झाला होता की स्वस्त?’

सगळा वर्ग म्हणाला, महाग. उत्तर होतं, स्वस्त. बंगालचा दुष्काळ, युद्धांचा खर्च आणि आपल्याच नोकरांची लूट यांनी कंपनी डबघाईला आलेली, लंडनच्या गोदामांत चहा पडून. तो खपावा म्हणून पार्लमेंटने १७७३ च्या कायद्याने तिला थेट अमेरिकेत चहा विकायची सवलत दिली. त्यामुळे करासकट चहा चोरून आलेल्या डच चहाशी टक्कर देईल इतका उतरला. पौंडामागे तीन पेन्स कर तेवढा ठेवला, आणि तोच नडला. ज्या पार्लमेंटात आपला एक माणूस नाही, तिने बसवलेला कर एकदा स्वस्त चहाबरोबर घशाखाली गेला की कायमचा गेला, हे बॉस्टनवाल्यांनी ओळखलं. ‘चोरट्या चहावर जगणारे व्यापारीही त्यांच्यात होते, तेही लिहून घ्या,’ हे पुढे आलंच.

एवढ्याशा प्रसंगावर इतकं का लिहितोय, असं वाटेल. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. दोन लहान धरणं आणि एक वितरिका आमच्या हातून झाली, पाणी आजही शेवटच्या शिवारापर्यंत जातं. याचा अभिमान आहे, तो इथे सांगितला तर चालेल ना? एका गावी पाणीपट्टी सगळ्या तालुक्यात कमी, तरी लोक भरेनात. वरून विचारणा, दर आणखी उतरवायचा का? मला ती शिंक आठवली. मी चावडीवर जाऊन बसलो. तक्रार दराची नव्हतीच. पाण्याची पाळी ठरवताना आम्हाला कोणी विचारलं का, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे पाणीवापर संस्था झाली, पाळ्या त्यांनीच ठरवल्या आणि वसुली सुरळीत झाली.

चार वर्षांपूर्वी मुलीकडे व्हर्जिनियात गेलो होतो. जेम्सटाऊनपासून यॉर्कटाऊनपर्यंत झाडीतून जाणारा तेवीस मैलांचा रस्ता आहे. एका टोकाला १६०७ चा तळ, दुसऱ्या टोकाला १७८१ चं मैदान, जिथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं सैन्य शरण आलं. पावणेदोनशे वर्षांचा अंमल एका दुपारीत ओलांडून झाला. कॉर्नवॉलिस आजारपण सांगून स्वतः आलाच नाही, तलवार घेऊन हाताखालच्या माणसाला पाठवलं, हे तिथल्या मार्गदर्शकाने सांगितलं. मला ते नववीपासून माहीत होतं. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, टिपूविरुद्ध मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके यांच्या फौजेबरोबर लढला आणि शेवटी गाझीपूरला मेला, हे मी त्याला सांगितलं, तर तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. फळ्याच्या उजव्या बाजूचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

जेम्सटाऊनचा मूळ किल्ला नदीने गिळला, असं बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. तो गिळलेला नाही. १९९४ पासून खोदकाम चालू आहे आणि त्याच्या लाकडी कुसवाच्या खुणा बऱ्याचशा जमिनीवरच सापडल्या. ही बाईंची चूक कोणी धरू नये. तेव्हा जवळपास सगळे तसंच मानत.

शाळेत गेल्या दिवाळीत डोकावलो. तळ्याकडची इमारत पाडलीत, त्याबद्दल बोलत नाही, ती गळतच होती. पण आता वर्गातला फळा पांढरा आहे, प्रोजेक्टर आहे, आणि इतिहास-राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण. एका मुलाला सहज विचारलं, अमेरिका देश कधी झाला? चटकन म्हणाला, १७७६. बाईंनी त्याला उभंच ठेवलं असतं. १७८३ च्या तहाने राजाने हात झटकले, तेव्हा तिथे देश नव्हता, तेरा राज्यं होती, आणि त्यांच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिकांचे पगार थकलेले. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर्जाला आणि करांना कंटाळून डॅनियल शेजच्या मागे उभे राहिले, कोर्टं बंद पाडली. आणि त्यांच्यावर फौज पाठवली ती चहा बुडवणाऱ्या त्याच बॉस्टनने. मग १७८७ चा उन्हाळा, फिलाडेल्फिया, राज्यघटना लिहायला खिडक्या बंद करून भांडणारे पंचावन्न जण. लहान राज्यांना सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, समान जागा, मोठ्यांना खालच्या सभागृहात लोकसंख्येवर, आणि त्या लोकसंख्येत गुलाम माणूस पाचातले तीन भाग मोजायचा, ही घाणही त्याच कागदात. ऱ्होड आयलंड तर आलंच नाही. वॉशिंग्टनने शपथ घेतली ती एप्रिल १७८९ ला. ‘१७८३ ला स्वातंत्र्य, १७८९ ला अध्यक्ष. मधली सहा वर्षं काय करत होते?’ सहामाहीला दहा गुणांचा प्रश्न. मला त्यात सात पडले होते. त्याहून जास्त त्या वर्षी कोणालाच नव्हते, हे रेकॉर्डवर राहू द्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. साडीचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही. दहावीच्या निरोप समारंभाला तीच नारायणपेठ नेसून आल्या होत्या आणि पदराजवळ भुकटीचा तपकिरी डाग होता. धुऊन गेला नसावा, किंवा त्यांनी घालवला नसावा.

समितीने लेखाबरोबर शाळकरी वयातला फोटो मागितला आहे. माझ्याकडे संमेलनाचा तेवढा एक आहे, तो पाठवतो. त्यात जहाज आहे, पेट्या आहेत, डोक्याला कोंबडीची पिसं लावलेली चार पोरं आहेत. मी दिसत नाही. साडीखालून दोन जोड्या हात वर आलेत, त्यातली डावीकडची माझी.