नागपूरचा उन्हाळा सोसणारा ऑडिओ रॅक

बाजारातली तयार टीव्ही युनिटे बहुधा तीन बाजूंनी बंद असतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात अ‍ॅम्प्लिफायर त्यांत कोंडणे मला मुळीच पटत नाही. भोवतालचे तापमान ३५ किंवा ४० अंशांपलीकडे नसावे, अशी सूचना अनेक अ‍ॅम्प्लिफायरांच्या माहितीपुस्तिकेतच असते. त्यामुळे रॅक स्वतः करायचे ठरवताना तो चहूबाजूंनी मोकळा हवा, ही पहिली अट होती. आटे पाडलेले चार उभे गज आणि त्यांवर नट-वॉशरने पकडलेल्या चार फळ्या, एवढीच त्याची रचना.

लकडगंजात सागवान पाहून मोह झाला. परंतु आपल्याकडे कोरड्याठाक उन्हाळ्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो आणि त्या फरकाने रुंद सागवानी फळी फुगते, आकसते, प्रसंगी वाकतेही. प्लायवूडचे थर मात्र एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते आपला आकार राखते. म्हणून १८ मि.मी. जाडीचे, आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे ओलीला टिकणारे 'मरीन' प्लाय घेतले. बहुतेक उपकरणांची रुंदी ४३० मि.मी.च्या आसपास असते. दोन्ही बाजूंच्या गजांना आणि मागच्या प्लगांना जागा उरावी म्हणून फळ्या ५५० बाय ४५० ठेवल्या. ८ बाय ४ फुटांचा अर्धा बोर्ड त्यांना पुरला. कापून देताना मिस्त्रींनी विचारलेच, "भाऊ, मागून प्लाय नाही मारायचा का?"

बारा मि.मी.चे गज, नट आणि मोठे वॉशर इतवारीच्या लोहा ओळीतून आणले. गज कापण्यापूर्वी त्यावर एक नट चढवून ठेवावा. कापल्यावर तो बाहेर काढताना टोकाचे दबलेले आटे आपोआप साफ होतात. चारही फळ्या एकावर एक ठेवून शिकंज्यात घट्ट आवळल्या आणि १३ मि.मी.ची भोके एकदमच पाडली, त्यामुळे गज कोठेही न अडकता सरळ उतरले.

सर्वांत समाधान देणारे काम होते ते फळ्या समपातळीत आणण्याचे. या गजाच्या आट्यांतले अंतर १.७५ मि.मी. असते, म्हणजे नट पाव फेरा फिरवला की फळीचा तो कोपरा अर्ध्या मि.मी.पेक्षाही कमी सरकतो. टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या, थाळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून, खालून पान्याने नट हळूहळू फिरवत बुडबुडा मधोमध आणता येतो. तयार कपाटात ही सोय नसते.

टर्नटेबल सर्वांत वर आणि अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत खाली ठेवला, कारण त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र टर्नटेबलच्या कार्ट्रिजपासून (सुई बसवलेल्या भागापासून) जितके दूर, तितकी गुणगुण कमी. त्याच्यावर ३०० मि.मी. मोकळी जागा सोडली. रॅक कूलरच्या झोतातही ठेवला नाही. ती हवा गार असली तरी ओली असते, आणि प्लायच्या कडांना व उपकरणांच्या जोडण्यांना ओल सोसत नाही. कडांना पॉलिशचे दोन हात दिले ते याचसाठी.

विजेच्या तारा मागच्या एका गजाला बांधल्या, सिग्नलच्या दुसऱ्या गजाला, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात नेल्या. आता सुई उचललेली असताना टर्नटेबलचा आवाज बराच वाढवला तरी स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर येत नाही.