नोंदवहीतली तारीख खरी की फाईलमधली?

स्कॅनिंग होऊन जातं. ट्रेडमार्क-पेटंटचं सरकारी कार्यालय कागदावरून संगणकावर न्यायचं ठरलं की सगळी चर्चा स्कॅनरभोवती फिरते. किती मशीन, किती माणसं, दिवसाला किती पानं. आमच्याकडेही सुरुवातीच्या बैठका यातच गेल्या. टाचण्या काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, फाईलीवर बारकोडचं पान लावणं, मशीनमधून काढणं आणि पुन्हा बांधून ठेवणं, हे कंटाळवाणं असलं तरी होणारं काम आहे आणि ते झालंही. आमचं घोडं अडलं ते दुसरीकडेच. एका प्रश्नाचं उत्तर कोणी लेखी देईना. आज नवी प्रणाली व्यवस्थित चालू आहे, तरी तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. ज्यांच्या कार्यालयात हे काम आता सुरू होणार आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

मी ट्रेडमार्कच्या नोंदणी शाखेत होते आणि संगणकीकरणाच्या समन्वयाचं काम माझ्याकडे आलं. निविदा, यंत्रखरेदी, सर्व्हर हे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं.

आता अडचण समजायची तर आधी कागद कसा असतो ते बघा. ट्रेडमार्कची नोंदवही म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची मोठी वही. एका पानावर एक नोंद. वर चिन्हाची छापील प्रत चिकटवलेली, शेजारी मालकाचं नाव-पत्ता, वर्ग, मालाचं वर्णन, अर्जाची तारीख. त्याखाली पुढच्या काळातले शेरे: नूतनीकरण झालं, पत्ता बदलला, मालकी दुसऱ्याकडे गेली. जागा संपली की कागदाची चिठ्ठी डकवायची. तीही भरली की तिच्यावर दुसरी. एका पानावर मी स्वतः तीन चिठ्ठ्या एकावर एक पाहिल्या. सगळ्यात खालची जांभळ्या शाईत, मधली टंकलिखित, वरची बॉलपेनने लिहिलेली. मधल्या चिठ्ठीवरची हस्तांतरणाची तारीख वरच्या चिठ्ठीच्या पिवळ्या पडलेल्या डिंकाखाली अर्धी झाकलेली होती. ऑपरेटरने वही उघडली, मशीनखाली धरली आणि एक चित्र काढलं. त्या चित्रात मालक एकच दिसत होता, शेवटचा.

ही झाली नोंदवही. शिवाय प्रत्येक चिन्हाची वेगळी फाईल, तिच्यात मूळ अर्ज, मुखत्यारपत्र, पत्रव्यवहार. शिवाय शोध घेण्यासाठी केलेली कार्डं. आणि जर्नल, म्हणजे ट्रेडमार्क जाहीर करणारं कार्यालयाचं प्रकाशन, छापण्यासाठी पूर्वी कधीतरी संगणकावर टाइप केलेली एक यादी. एकाच चिन्हाची माहिती चार ठिकाणी आणि चारही ठिकाणी सारखी असेलच असं नाही. नाव-पत्त्यातला फरक एकवेळ निभावतो. तारखेतला निभावत नाही.

बौद्धिक संपदेत तारखेवर सगळं उभं असतं. 1883 च्या पॅरिस करारानुसार एका सदस्य देशात पहिला अर्ज केला की पेटंटसाठी 12 महिने आणि ट्रेडमार्क व डिझाइनसाठी 6 महिने, एवढ्या मुदतीत दुसऱ्या सदस्य देशात त्याच पहिल्या तारखेचा अग्रक्रम मागता येतो. म्हणजे कागदावर नंतर आलेला माणूस हक्काने आधीचा ठरू शकतो. पेटंटची 20 वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात. ट्रेडमार्कचं नूतनीकरण कधी करायचं हेही कुठल्यातरी तारखेवरूनच ठरतं. आणि आमच्या फाईलीवर आवक विभागाचा शिक्का एका तारखेचा, तर नोंदवहीत दुसरीच तारीख. कधी अर्जासोबतची फी कमी पडलेली असायची, म्हणून निबंधकांनी पुढची तारीख दिलेली. कधी अग्रक्रमाची तारीखच अर्जाची म्हणून चढवलेली. कधी चक्क नक्कल करताना आकडा चुकलेला.

स्कॅनिंग आणि टायपिंगचं काम घेतलेल्या कंपनीच्या डाटा एंट्रीच्या पडद्यावर मात्र रकाना एकच: ‘तारीख’.

हा रकाना बदलून घेणं सोपं होतं. वायपोने, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, ट्रेडमार्कच्या प्रत्येक तपशिलाला आकड्याचा संकेत दिलेला आहे. अर्जाची तारीख 220, नोंदणीची 151, मुदत संपण्याची अपेक्षित तारीख 180, अग्रक्रमाचा तपशील 300. जर्नल वाचणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. मी ती यादी समोर ठेवून रकाने पाडून घेतले. तुम्हीही हेच करा. ‘तारीख’ या नावाचा रकाना प्रणालीत कुठेही राहू देऊ नका.

पण रकाने पाडल्यावर खरा प्रश्न उघडा पडला. 220 मध्ये टाइप काय करायचं? वहीतली तारीख की फाईलवरच्या शिक्क्यातली?

कंपनी म्हणाली, तुम्ही सांगाल ते टाइप करतो, पण लेखी द्या. त्यांचं बरोबर होतं. संगणक विभाग म्हणाला, हा नोंदणी शाखेचा विषय. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, यात कायद्याचा मुद्दा आहे, विधी शाखेचा अभिप्राय घ्या. फाईल विधी शाखेत गेली आणि तिथेच बसली. परत आली ती एका ओळीचा शेरा घेऊन: ‘प्रचलित तरतुदींनुसार उचित कार्यवाही करावी.’ हा अभिप्राय नाही. प्रश्न जिथून निघाला तिथेच परत पाठवणं आहे. आम्ही पुन्हा टिपणी लिहिली, उदाहरणं जोडली. यावेळी शेरा: ‘सविस्तर प्रस्ताव सादर करावा.’ सविस्तर प्रस्ताव दिला, तर ‘चर्चा करावी’. चर्चेची वेळ ठरायची आणि पुढे ढकलली जायची. मध्येच टेबलावरचे अधिकारी बदलले आणि नव्या अधिकाऱ्यांना सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं.

या काळात बाहेर काय चाललं होतं ते त्या शाखेतल्या कोणी येऊन पाहिलं असतं तर बरं झालं असतं. स्कॅन झालेल्या फाईलींचे खोके मार्गिकेत रचलेले. चित्रं सर्व्हरवर, पण नोंदी रिकाम्या, त्यामुळे शोध लागत नाही. कागदी फाईल मागावी तर ‘स्कॅनिंगला गेली आहे’. परीक्षक नव्या अर्जाशी जुनं चिन्ह ताडून पाहणार कसं? एका मालकाला कोर्टात दाखल करायला नोंदीची प्रमाणित प्रत हवी होती. त्याची सुनावणी आमच्या अभिप्रायासाठी थांबणार नव्हती. अभिलेख कक्षातल्या दोन शिपायांनी आणि मी खोके उघडून ती वही हाताने शोधून काढली. ते दोघे नसते तर त्या माणसाचं नुकसान झालं असतं, आणि त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. (खोक्यावर बाहेरून नोंदणी क्रमांक कुठपासून कुठपर्यंत ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या. बारकोड माणसाला वाचता येत नाही.)

शेवटी मार्ग निघाला तो मार्गदर्शन मागणं सोडून दिल्यावर. मी फरकांचे प्रकार पाडले. फी कमी म्हणून पुढची तारीख, अग्रक्रमाची तारीख चुकीच्या जागी, नकलेतली चूक, झाकलेला शेरा, वाचताच न येणारा आकडा. प्रत्येक प्रकारासाठी खरं एक पान आणि त्याची खरी फाईल निवडली. प्रत्येकाखाली काय करायचं ते आम्हीच लिहिलं आणि पुढे दोनच शब्द छापले: मान्य, अमान्य. मुख्य नियम साधा होता. नोंदवहीला कायद्याने पुराव्याचं मोल दिलेलं आहे, म्हणून टाइप होईल ते वहीतलंच, जसंच्या तसं. फाईलमध्ये वेगळं दिसलं तर ऑपरेटरने दुरुस्ती करायची नाही, फक्त खूण करायची. खूण झालेली प्रत्येक नोंद निबंधकांपुढे जाईल. नोंदवही दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांचा आहे, तिथे रीतसर आदेश होईल आणि आदेशाची प्रत नोंदीला जोडली जाईल.

मग तो कागद आणि त्या जड वह्या घेऊन मी स्वतः विधी शाखेच्या टेबलावर गेले. चिठ्ठ्या एकेक करून उचलून दाखवल्या. तोवर त्यांनी फक्त टिपण्या वाचल्या होत्या, वही पाहिलीच नव्हती. त्यांची भीती एवढीच होती की त्यांनी लिहून दिलं आणि पुढे कोणी कोर्टात आव्हान दिलं तर दोष त्यांच्यावर येईल. आमचा नियम कोणाचा हक्क ठरवत नव्हता, जे लिहिलेलं आहे ते तसंच पुढे नेत होता. हे डोळ्यांनी दिसल्यावर त्याच बैठकीत सगळ्या प्रकारांपुढे ‘मान्य’वर सह्या झाल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं कार्यालय खोळंबलं होतं. उत्तर कायद्यात पहिल्यापासून होतं, कोणीतरी ते वाचून सही करायची होती. याची चीड मला आजही आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला हा: निविदा काढण्याआधी हा कागद सही करून घ्या. कंपनी आल्यावर नाही.

सहीनंतर काम झपाट्याने सुटलं. क्रमांक, तारखा आणि मालकाचं नाव दोन वेगवेगळ्या ऑपरेटरनी एकमेकांचं न पाहता टाइप करायचं, जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं, अशी पद्धत ठेवली. करारात पैसे पानामागे ठरलेले असतील तर ते बदलून घ्या. पानामागे पैसे असले की पानं वेगाने होतात, चिठ्ठ्या कोणी उचलत नाही. आम्ही तपासून स्वीकारलेल्या नोंदीमागे पैसे द्यायचं ठरवून घेतलं आणि प्रत्येक चिठ्ठी उचलून वेगळं चित्र काढायची अट घातली.

रंगाचं सांगायचं राहिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. पानं काळी-पांढरी स्कॅन केली की फाईल लहान होते, म्हणून कंपन्या तेच सुचवतात. पत्रव्यवहाराला चालेल. चिन्हाच्या प्रतीला अजिबात चालणार नाही. ज्याने ठरावीक रंगापुरताच हक्क घेतला आहे, त्याचं चिन्ह काळं-पांढरं साठवलं तर तुम्ही त्याच्या नोंदीतला मुख्य भागच गाळलात. चित्रात्मक चिन्हांच्या व्हिएन्ना वर्गीकरणात एकूण 29 प्रवर्ग आहेत आणि शेवटचा 29 वा प्रवर्ग रंगांचाच आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रावरून तो संकेत देणार कसा? आमच्याकडे हा मुद्दा एका तरुण परीक्षकाने पहिल्याच चाचणीत उचलला आणि चिन्हाची सगळी पानं रंगीत घ्यायचं ठरलं. त्याचं श्रेय त्याचं.

तसंच वर्गांचं. मालाचे आणि सेवांचे वर्ग आज 45 आहेत, पण 2002 पूर्वी 42 होते. जुन्या 42 व्या वर्गात खाण्यापिण्याची सोय, वैद्यकीय सेवा, कायदेविषयक सेवा, संगणक प्रोग्रॅमिंग असं सगळं एकत्र होतं. मालाच्या आणि सेवांच्या वर्गांची आंतरराष्ट्रीय यादी म्हणजे नाइस वर्गीकरण, त्याच्या आठव्या आवृत्तीत 43, 44 आणि 45 हे वर्ग त्यातून वेगळे झाले. प्रणालीत नुसता ‘42’ टाकला तर नव्या अर्जाचा शोध घेताना जुनं उपाहारगृहाचं चिन्ह 43 मध्ये सापडणारच नाही. वर्गाच्या आकड्याशेजारी आवृत्तीचा रकाना हवा. आपल्या मनाने जुन्या नोंदीचा वर्ग बदलायचा नाही, शोधाच्या वेळी दोन्ही ठिकाणी पाहायची सोय करायची.

जुन्या तारखा चढल्यावर आणखी एक धोका असतो. प्रणाली मुदत स्वतः मोजते आणि मुदत संपलेल्यांच्या सूचना तयार करते. मध्येच कायदा बदलून नूतनीकरणाचा काळ बदललेला असेल तर जुन्या नोंदींची मुदत नव्या हिशोबाने चुकीची निघते. आम्ही आपोआप जाणाऱ्या सगळ्या सूचना पहिल्या टप्प्यात बंद ठेवल्या आणि जुन्या कायद्याखालच्या नोंदी माणसाकडून तपासून घेतल्या. मालकाच्या हातात ‘तुमची नोंदणी संपली’ असं पत्र पडणं ही साधी गोष्ट नाही. उशिरा फी भरायला पॅरिस करार किमान 6 महिन्यांची सवलत देतो, पण त्या पत्राने बसणारा धक्का सवलतीने भरून निघत नाही.

ऑनलाइन अर्ज सुरू झाले की कागद लगेच थांबत नाही, हेही मनाशी धरा. जपानच्या पेटंट कार्यालयाने 1984 मध्ये कागदमुक्तीचा आराखडा हाती घेतला आणि ऑनलाइन अर्ज प्रत्यक्षात घेतले ते 1990 च्या डिसेंबरमध्ये. कागदी अर्ज तिथे त्यानंतरही घेतात, पण ते संगणकावर चढवण्याची वेगळी फी लावतात. मला ही पद्धत योग्य वाटते. कागदाची खिडकी एकदम बंद केली तर एकटा अर्जदार अडतो. दोन्हींची फी सारखी ठेवली तर मोठे एजंटही गठ्ठेच आणत राहतात.

मात्र दोन्ही वाटांच्या अर्जांना क्रमांक एकाच मालिकेतून द्या. आणि ऑनलाइन अर्जाची वेळ कोणती धरायची, अर्जदाराच्या संगणकाची की कार्यालयाच्या सर्व्हरची, हे नियमात लिहा. आम्ही सर्व्हरची धरली आणि ती पडद्यावर सतत दिसेल अशी लावली. सर्व्हर बंद पडला त्या दिवशी ज्यांची मुदत संपत होती त्यांचं काय, हेही आधीच ठरवा. पीसीटीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराच्या, नियमांत कार्यालयाची इलेक्ट्रॉनिक सोय बंद असताना झालेला उशीर माफ करायची तरतूद आहे, तिचा आधार घेता येतो. आम्ही बंदची वेळ संकेतस्थळावर जाहीर करतो आणि मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर नेतो. हा आदेश काढतानाही फाईल विधी शाखेतच गेली होती. या वेळी टिपणीच्या तळाशी ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ छापूनच पाठवली, आणि ती सही होऊन परत आली.