मलमानं फाटलेली कातडी

कोल्हापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करायची म्हणजे पैलवान पेशंट असणारच. गजकर्ण, मानेवरचे फोड, सोललेले कोपर हे रोजचंच. त्या दिवशी मात्र एका जुन्या तालमीचे वस्ताद एकोणीस वर्षांच्या पोराला पुढं घालून आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, ह्यानं अंग फुगवायची इंजेक्शनं घेतल्यात काय, तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो."

आंघोळीच्या वेळी कुणाला तरी पोराच्या मांडीवरचे पट्टे, म्हणजे स्ट्रेच मार्क्स, दिसले होते. अंग असं फाटतंय म्हणजे सुई टोचलीय, अशी कुजबुज तालमीत सुरू झालेली. पोरगं मान खाली घालून उभं. घरी आई-बाप ऊस तोडून खुराकाचे पैसे पाठवतात, हे वस्तादांनीच सांगितलं. त्यांच्या रागाखाली काळजी होती, ती लपत नव्हती.

वस्तादांना बाहेर बसवून मी पोराला तपासलं. आमचे कंपाउंडर काका सोबत थांबले, तेव्हा कुठं त्याचा संकोच जरा कमी झाला. काखेच्या पुढच्या बाजूला, खांद्याकडं जाणाऱ्या बारीक पांढरट रेषा होत्या. त्या जुन्या. वयात येताना उंची भराभर वाढते, त्यात जोर-बैठकांनी अंग भरतं, आणि कातडीच्या आतल्या थरातले कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे तुटतात. अशा रेषा निरोगी पोरांनाही येतात. इंजेक्शनं घेऊन स्नायू झपाट्यानं फुगवले तरी येतात, म्हणून मी त्याला एकट्याला स्पष्ट विचारलं. "आईची शपथ, न्हाई घेतलं मॅडम," तो म्हणाला.

जांघेत बघितलं आणि मला उत्तर मिळालं. बोटाएवढे रुंद, जांभळट, खोल गेलेले पट्टे. हात लावला तर कातडी कागदासारखी पातळ. शेजारी गजकर्ण मांडीवर पसरलेलं, पण त्याची नेहमीची ठळक कडा पुसट झालेली.

"मलम कुठलं लावतोस?"

त्यानं पँटच्या खिशातून चेपलेली ट्यूब काढली. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन: म्हणजे स्टेरॉइड, जंतू मारणारी दोन औषधं आणि बुरशीनाशक, सगळं एकाच ट्यूबमध्ये. मेडिकलवाल्यानं दिलेली, आणि दिवाळीपासून तो ती रोज दोनदा लावत होता. "लावलं की खाज लगेच थांबतीय. सोडलं की डबल होतीय."

क्लोबेटासॉल हे सगळ्यात जोरदार स्टेरॉइडांपैकी एक. सलग दोन आठवड्यांवर ते वापरायचं नाही, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जायचं नाही आणि जांघेत तर लावायचंच नाही. तिथली कातडी मुळात पातळ. अंडकोशाच्या कातडीतून स्टेरॉइड हातापेक्षा सुमारे ४२ पट शोषलं जातं. त्यावर घट्ट लंगोट आणि घाम. खाज दबते, गजकर्णाची बुरशी मात्र आत निवांत वाढते, आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशी थंडावल्यानं कातडी साध्या ताणानंही उसवते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरीही पेढ्याच्या पुड्यासारखी ती काउंटरवरून हातात पडतात, याचा मला मनापासून संताप येतो.

वस्तादांना आत बोलावलं. "सुई नाही, ही ट्यूब." त्यांनी ट्यूब उलटीपालटी करून बघितली. पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रक्तदाब आणि सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासायला सांगितलं, कारण इतकं स्टेरॉइड अंगात जिरलं तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गजकर्णासाठी गोळ्या आणि साधं बुरशीनाशक मलम दिलं. ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला खाज उसळेल, तेव्हा पुन्हा तिच्याकडं वळायचं नाही, हे दोघांना दोनदा सांगितलं. लंगोट रोज धुवून कडक उन्हात वाळवायचा, एकमेकांचा टॉवेल वापरायचा नाही, बरं होईपर्यंत कुस्ती बंद.

"आणि पट्टे?" पोरानं विचारलं.

खोटं बोलता येत नव्हतं. रंग उतरून ते पांढरट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. लालसर असतानाच उपचारांचा उपयोग जास्त होतो: ट्रेटिनॉइनचं मलम, लेसर, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं). पण जांघेत ट्रेटिनॉइननं आग होते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर लेसर बेतानंच वापरावा लागतो, नाहीतर काळे डाग राहतात. आधी गजकर्ण जाऊ दे, मग बघू, म्हटलं.

निघता निघता वस्तादांनी हळूच विचारलं, "लेक पोटुशी हाय, सातवा लागलाय. पोट खाजवू नको म्हणून घरची तिला ओरडत्यात. त्यानं पट्टं पडत्यात व्हय?" खाजवण्यानं पडत नाहीत, मी सांगितलं. आईला पडले असतील तर लेकीला पडायची शक्यता जास्त. तेलानं खाज आणि कोरडेपणा कमी होतो, म्हणून खुशाल लावावं, पण पट्टे टळतील याची खात्री नाही. वजन एकदम वाढू द्यायचं नाही. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही, तेव्हा कुणी दिलं तरी लावायचं नाही. आणि खाज फार वाढली, विशेषतः तळहात-तळपायांना, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, कारण ती यकृताकडूनही असू शकते.

पुढच्या आठवड्यात वस्ताद तालमीतल्या आणखी पोरांना घेऊन आले. प्रत्येकाच्या ट्यूबा त्यांनी आधीच गोळा करून पिशवीत भरल्या होत्या. पिशवी माझ्या टेबलावर ओतून ते म्हणाले, "ह्यातली कुठली चालतीय, कुठली न्हाई, ते माझ्या कागदावर मराठीत लिहून द्या. तालमीच्या भिंतीवर लावतो."