हृदय दिनाचे मेळावे

जागतिक हृदय दिन २००० साली सुरू झाला, तेव्हा तो सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी असायचा. पुढे २९ सप्टेंबर ही तारीख कायम झाली. आमच्या मंडळाच्या त्या दिवसाच्या मेळाव्यांची आठवण निघाली की भाषणं फारशी कुणाला आठवत नाहीत. आठवतं ते बीपीचं टेबल.

जिना चढून आलेला माणूस थेट हात पुढे करायचा आणि कार्यकर्ते त्याला खुर्ची दाखवायचे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, आणि पाच मिनिटं गप्प. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण वर्षाने भेटलेली माणसं! पण बोलण्यानेही आकडा वर जातो, म्हणून गप्पांची पाळी नंतर. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल, लघवीला जायचं असेल, तर तेही आधी विचारायचं. हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. पट्ट्याची रबरी पिशवी दंडाच्या घेराचा किमान ८० टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगीच जास्त दिसतं. म्हणून टेबलावर तीन मापांचे पट्टे असत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून कार्डावर लिहायचं. एकदा १४०/९० आलं म्हणून कुणाला रुग्ण ठरवायचं नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं, हे दर वर्षी दहादा सांगावं लागे. आणि सांगायलाच हवं.

गर्दी मात्र सतरंजीवरच्या डमीभोवती. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचा, म्हणजे सीपीआरचा, सराव तिथे चालायचा. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर ताठ, खांदे बरोबर वर. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. खोली बरोबर साधली की डमी ‘टक्’ वाजायची आणि मुलं मोठ्याने मोजायची. मिनिटभरात भल्याभल्यांचे कोपर वाकायचे, टक् बंद. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा तो यासाठीच. दुसरी चूक नजरेत येत नाही: दाबल्यावर छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्तच भरत नाही, मग पुढच्या दाबाने ढकलणार काय? बेशुद्ध माणूस अधूनमधून आचके देत असेल तर तो श्वास नव्हे, हे समजावायला सर्वात जास्त वेळ जायचा. तो वेळ कधीच वाया गेलेला वाटला नाही.

शाळकरी मुलांसाठी पाकिटांवरची लेबलं वाचायचा खेळ असे. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी.

शेवटी प्रश्नोत्तरं. “छातीत दुखतंय ते पित्ताचं की हृदयाचं, कसं ओळखायचं?” हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं: घरी ओळखत बसायचं नाही. छातीवर दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काही आलं की लगेच रुग्णवाहिका, स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना कधीकधी छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा येतो, तेव्हाही हेच.