पाठीतलं पाणी: काढायचं कसं, वाचायचं कसं

मेंदूज्वराची शंका आली की पहिला खोळंबा होतो तो पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, तपासायला काढण्यावरून. ‘पाणी काढलं की माणूस लुळं पडतंय’ हे कोल्हापूर जिल्ह्यात कागलपासून चंदगडपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं, आणि मग सही करायला कोणी पुढं येत नाही. म्हणून आधी तेच.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, त्यावरून जागा ठरते. तिथं मज्जारज्जू नसतोच, पाण्यात सुटे तरंगणारे नसांचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. हे पाणी शरीरात एका वेळी दीडशे मिलीच्या आसपास असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. म्हणजे काढलेले १० मिली अर्ध्या तासात भरून निघतात. नंतर डोकं दुखू शकतं, ते बारीक सुई वापरली आणि सुई ओढण्याआधी आतली तार परत बसवली तर कमी होतं. तासन्‌तास उताणं झोपवून ठेवल्यानं मात्र काही फरक पडत नाही. हातपाय जातात ते आजारानं, आणि निदानाला, उपचाराला उशीर झाल्यानं.

खरी अडचण असते ती वेगळी. प्लेटलेट ४०-५० हजारांच्या खाली असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा सुईच्या जागी गळू असेल तर थांबायचं. पावसाळ्यात डेंगीचे पेशंट एवढे असतात की प्लेटलेट बघितल्याशिवाय सुई हातात घेऊच नये.

सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही. शुद्ध हरपत चालली असेल, नव्यानं फिट आली असेल, एका बाजूचा हात-पाय कमी चालत असेल, डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तरच आधी सीटी. आणि इथंच क्रम चुकतो. सीटीच्या रांगेत दोन तास जातात आणि तोवर औषध सुरू झालेलं नसतं. योग्य क्रम असा: रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, लगेच अँटिबायोटिक, मग सीटी, मग पाणी. अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर मेनिंगोकॉकससारखे जंतू दोन तासांत कल्चरमधून नाहीसे होऊ शकतात, हे खरं. पण पेशी, साखर, प्रोटीन लगेच पूर्ववत होत नाहीत. कल्चर हुकलं तर निदानाला दुसरे मार्ग आहेत, उशिराला नाहीत.

पाणी तीन-चार बाटल्यांत घ्यायचं, बाटल्यांवर क्रमांक टाकायचा. पहिलीत रक्त आणि शेवटच्या बाटलीपर्यंत पाणी निवळलं तर सुईनं बारीक रक्तवाहिनी दुखावलेली असते. सगळ्या बाटल्या सारख्याच लाल असतील तर मेंदूतल्या रक्तस्रावाचा विचार करायचा. पेशींची मोजणी तासाभरात झाली पाहिजे, कारण न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाटलीतच फुटतात. दोन तास उशीर झाला की त्या निम्म्या राहतात, आणि जंतूंचा मेंदूज्वर कागदावर विषाणूचा वाटायला लागतो. कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, मेनिंगोकॉकस थंडीत मरतो. विषाणूच्या पीसीआरची (त्याचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीची) बाटली मात्र थंडच हवी. वॉर्डबॉयच्या हातात दोन्ही एकत्र दिल्या की गोंधळ ठरलेला.

साखरेचं तर विचारूच नका. पाण्यातली साखर एकटी बघून काही कळत नाही, त्याच वेळचं रक्त हवं. मधुमेही पेशंटच्या पाण्यात ९० साखर आली की सगळे निर्धास्त होतात. रक्तात ३२० असेल तर हे प्रमाण ०.२८ होतं, आणि ०.४ च्या खाली म्हणजे जंतूंचा मेंदूज्वर किंवा टीबीची दाट शंका. नॉर्मल ०.६ च्या आसपास. ग्लुकोजचं सलाईन चालू असेल तर तेही लिहून ठेवा.

पेशी हजाराच्या वर, बहुतेक न्यूट्रोफिल, साखर कमी, प्रोटीन शंभराच्या वर: जंतू. पेशी दहा ते काही शे, बहुतेक लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), साखर नॉर्मल: विषाणू. नागीण गटातल्या हर्पिसचा मेंदूदाह सोडायचा नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याचा पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून शंका असेल तर असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध थांबवू नये, पाणी पुन्हा तपासावं. जॅपनीज एन्सेफलायटिस आणि चांदीपुरा या विषाणूंच्या मेंदूदाहांची नावं बातम्यांत येतात, पण महाराष्ट्रात त्यांचा जोर विदर्भाकडे. आपल्याकडं गवतात, रानात काम करणाऱ्याला ताप आणि गुंगी असेल तर काख, जांघ, कमरपट्ट्याखाली काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफस या किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची खूण. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, मेंदूज्वरात नेहमी देतात त्या सेफ्ट्रायाक्झोन अँटिबायोटिकनं तो हटत नाही.

सगळ्यात फसवतो तो टीबीचा मेंदूज्वर. दोन-तीन आठवडे हलका ताप, डोकेदुखी, उलटी, चिडचिड, भूक नाही. मान ताठ होते ती उशिरा. तोवर गावात एक विडाल टेस्ट (टायफॉइडची रक्ततपासणी) होऊन ‘टायफॉइड’ ठरलेला असतो आणि सेफिक्झिम-ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतात. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणं चूकच. त्यातून ऑफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवर थोडंफार चालतं, त्यामुळं चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. पाण्यात पेशी ५० ते ५००, लिम्फोसाइट जास्त, साखर कमी, प्रोटीन शंभर ते पाचशे. बाटली न हलवता ठेवली तर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक गाठ धरते. रक्तात सोडियम उतरलेलं, सीटीत मेंदूच्या पोकळ्या फुगलेल्या, हेही सोबतीला असतं.

टीबीचे जंतू पाण्यात फार थोडे असतात, म्हणून दोन मिलीत ते सापडायचे नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी किमान ६ मिली, जमलं तर ८-१० मिली वेगळं द्यायचं, आणि लॅबनं ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासायचा. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर प्रश्न मिटला. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं कुणी म्हणू नये. चित्र जुळत असेल तर औषध आणि स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करायचं. पाण्यातलं एडीए हे एन्झाइम वाढलं तर टीबीच्या शंकेला बळ मिळतं, पण ते इतर जंतूंच्या मेंदूज्वरातही वाढतं. आणि एचआयव्ही तपासलाच पाहिजे. पॉझिटिव्ह असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची अँटिजेन तपासणी करा आणि पाणी काढताना दाब मोजा. २५ सेंटिमीटरच्या वर दाब असेल तर बुरशीच्या औषधाइतकंच पाणी काढून दाब उतरवणं महत्त्वाचं.

तान्ह्या बाळात आणि म्हाताऱ्यात मान मऊ असली तरी गाफील राहू नका. बाळाची टाळू फुगलेली, दूध ओढत नाही, रडणं चिरकं, एवढं पुरे.

चंदगड-आजऱ्याकडून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंत पोचायला अडीच-तीन तास सहज जातात. जंतूंच्या मेंदूज्वराची शंका असेल तर सेफ्ट्रायाक्झोनचा पहिला डोस, मोठ्या माणसाला २ ग्रॅम, निघण्याआधीच द्या, जमलं तर त्याआधी रक्ताचं कल्चर घ्या. चिठ्ठीवर डोसची वेळ, आधीच्या गोळ्यांची नावं, फिट आली का, प्लेटलेट किती आणि शेवटची रक्तातली साखर किती, एवढं लिहा. गोळ्यांची रिकामी पाकिटं नातेवाइकांनी फेकू नयेत, सोबत आणावीत.