गॅलेक्सी एस २३ ची चाचणीवही: छोटा फोन विसाव्या मिनिटाला काय करतो

सध्या टेबलावर आहे तो सॅमसंग गॅलेक्सी एस २३, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचा. फेब्रुवारी २०२३ चा हा फोन. खिशात मावणारा पण आतून पूर्ण दमाचा फोन शोधणाऱ्यांची नजर आजही याच्यावर येऊन थांबते. चाचणीसाठी तो घेण्याचं आणखी एक कारण आहे. एस २३ जगभर एकाच चिपवर आला, स्नॅपड्रॅगन ८ जेन २ वर, त्यामुळे परदेशी चाचण्यांचे आकडे इथल्या फोनलाही लागू पडतात. पुढचा एस २४ भारतात एक्झिनॉस २४०० घेऊन आला, तेव्हा ती सोय गेली.

वहीचं सूत्र सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. पहिल्या मिनिटाचा आकडा छोट्या आणि मोठ्या फोनचा जवळपास सारखाच येतो, कारण चिप तीच असते. फरक उघडा पडतो तो फोन तापल्यावर. म्हणून प्रत्येक मोजमाप दोनदा घ्यायचं, थंड फोनवर आणि तापलेल्या फोनवर.

नोंद १: हातात

कागदावरची मापं १४६.३ × ७०.९ × ७.६ मिमी, वजन १६८ ग्रॅम. ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाचा अर्थ किती सरकला आहे ते बघा: २०१४ चा सोनी एक्सपीरिया झी ३ कॉम्पॅक्ट ६४.९ मिमी रुंद होता, २०२१ चा आयफोन १३ मिनी ६४.२ मिमी. एस २३ ची नुसती स्क्रीनच साधारण ६५ मिमी रुंद भरते. म्हणजे झी ३ कॉम्पॅक्ट आख्खा या स्क्रीनवर ठेवला तर रुंदीला कडा कडांना लागतील.

रुंदीपेक्षा घेर जास्त उपयोगी, कारण बोटं फोनभोवती वळतात. सोपा हिशोब: रुंदी अधिक जाडी, गुणिले दोन. एस २३ चा घेर १५७ मिमी, १३ मिनीचा साधारण १४४, आणि मोठ्या एस २३ प्लसचा १६७.६. कडा गोल असल्यामुळे दोरा गुंडाळून मोजलं तर काही मिमी कमी येतं, पण सगळ्या फोनना एकच पद्धत लावली की तुलना खरी राहते.

आता कव्हर घाला. बाजूंना दीड-दीड मिमी, मागे दीड मिमी, पुढे काठाचा एक मिमी, असं साधं सिलिकॉनचं कव्हर धरलं तर मापं ७३.९ × १०.१ होतात आणि घेर १६८ मिमी. म्हणजे कव्हर घातलेला एस २३ हाताला बिनकव्हरच्या प्लसएवढा लागतो! छोट्या फोनसाठी जादा पैसे मोजायचे आणि जाडजूड कव्हर घालून तो छोटेपणा घालवायचा, हे पटत नाही. पुढे-मागे गोरिला ग्लास व्हिक्टस २ आहे, फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. काच पडल्यावर फुटतेच, त्यामुळे कव्हर नको असं म्हणणं नाही. पण एक मिमीच्या आतलं पातळ कव्हर निवडा.

अंगठा कुठवर पोहोचतो ते मोजायला फोनमधलीच सोय कामाला येते. डायलरमध्ये *#०*# टाका आणि ‘टच’ उघडा. कडेने आणि तिरप्या फुलीत चौकोन दिसतात, बोट फिरलं की ते रंगतात. फोन एका हातात धरा, करंगळी खाली, पकड न सरकवता फक्त अंगठ्याने जितके रंगतील तितके रंगवा आणि उरलेले मोजा. उजव्या हातात डावा वरचा कोपरा उरणार हे धरूनच चाला. त्यावर उपाय म्हणजे गुड लॉक या सॅमसंगच्या ॲपमधलं ‘वन हँड ऑपरेशन प्लस’: कडेवरून तिरपं सरकवलं की नोटिफिकेशन खाली येतील असं लावता येतं.

मराठी टायपिंगची चाचणी वेगळी घ्या. स्क्रीन ६५ मिमी रुंद, म्हणून ओळीत दहा कळा असतील तर एक कळ ६.५ मिमी, अकरा असतील तर ५.९ मिमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण देवनागरी कीबोर्डवर शेजारची मात्रा चुकून लागते ती याच अर्ध्या मिमीपायी. कीबोर्डची उंची एक पायरी वाढवली की चुका लक्षात येण्याइतक्या कमी होतात.

कॅमेऱ्यांची तीन भिंगं काचेतून सुटी वर आली आहेत, त्यामुळे सपाट टेबलावर ठेवून टाइप केलं की फोन डुगडुगतो.

नोंद २: स्क्रीन

६.१ इंच, १०८० × २३४०, इंचाला ४२५ पिक्सेल. हा आकडा हिरव्या ठिपक्यांचा आहे. पेनटाइल या ठिपक्यांच्या मांडणीत लाल आणि निळे ठिपके निम्मेच असतात, म्हणून त्यांची घनता ४२५ भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे इंचाला ३०० च्या आसपास. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात बारीक देवनागरी मजकूर लावा. ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ङ्ग’ अशी जोडाक्षरं आणि रफार घ्या. डोळ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर कडा किंचित करवती दिसतात. पांढऱ्यावर काळा मजकूर घेतला की तोच फोन अगदी स्वच्छ वाटतो. रोजच्या वाचनाला हा दोष आड येत नाही.

रंगांसाठी ‘नॅचरल’ मोड लावा. तो एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपटाच्या जवळ राहतो. ‘व्हिव्हिड’मध्ये रंग डीसीआय-पी३ या जास्त रुंद रंगपटाकडे ताणले जातात, आणि दोन फोन शेजारी ठेवून तुलना करताना अर्धे वाद दोघांचे मोड वेगळे असल्यामुळेच होतात.

ब्राइटनेसची सर्वोच्च पातळी १७५० निट्स (उजेडाचं एकक) सांगितली आहे. ती फक्त ऑटो ब्राइटनेस चालू असताना आणि कडक उजेडातच मिळते. ऑटो बंद करून स्लायडर शेवटपर्यंत नेला तरी फोन तिच्या आसपासही जात नाही. ऑटो बंद असताना सेटिंगमध्ये ‘एक्स्ट्रा ब्राइटनेस’ दिसतं, त्याने थोडी वाढ होते. चाचणी अशी घ्या: भर दुपारी पांढरं पान उघडून फोन दहा मिनिटं उन्हात धरा आणि दर दोन मिनिटांनी शेजारच्या सावलीतल्या कागदाशी तुलना करा. फोन तापला की ब्राइटनेस हळूहळू उतरतो. अचानक उतरला तर आधी ऑटोचा सेन्सर बोटाखाली आला नाही ना ते पाहा.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला स्क्रीन किती वेळा नव्याने रंगते तो आकडा, ४८ ते १२० हर्ट्झ. सॉफ्टवेअर माहितीतल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे रिफ्रेश रेट स्क्रीनवर दाखवण्याची सोय आहे. बोट लागलं की १२०, बोट उचलल्यावर काही क्षणांत खाली. एखादं ॲप ६० वरच अडकलं तर दोष स्क्रीनला देऊ नका, ते ॲपच तेवढं मागतं.

फ्लिकर, म्हणजे स्क्रीनची लुकलुक: हा पॅनल २४० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमवर चालतो, म्हणजे उजेड आवरायला सेकंदाला २४० वेळा विझतो-पेटतो. दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या २००० व्या भागावर ठेवून स्क्रीन पाहा, काळे पट्टे दिसतील. ब्राइटनेस कमी करत जा, पट्टे रुंद आणि गडद होतात. ज्यांचं डोकं रात्री वाचताना दुखतं त्यांनी स्लायडर चाळीस टक्क्यांच्या वर ठेवून ‘एक्स्ट्रा डिम’ने उजेड उतरवावा. असं केलं की पॅनल पूर्ण विझण्याचा काळ कमी राहतो.

स्क्रीनगार्ड लावताना एकच काळजी. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर अल्ट्रासॉनिक आहे. काचेखाली हवेची पोकळी राहिली की लहरी परततात आणि ठसा लागत नाही. टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) फिल्म किंवा पूर्ण गोंद असलेली काच घ्या, आणि लावल्यावर जुने ठसे पुसून नव्याने नोंदवा. हे नोंदवणं बरेच जण विसरतात आणि गार्डला नावं ठेवतात.

नोंद ३: पहिलं मिनिट

चिपची ‘फॉर गॅलेक्सी’ आवृत्ती आहे: एक कॉर्टेक्स-एक्स३ कोअर ३.३६ गिगाहर्ट्झवर, चार मधले २.८ वर, तीन छोटे २.० वर. वेग मोजणाऱ्या गीकबेंच ६ ॲपमध्ये एका कोअरला दोन हजारांच्या आसपास आणि सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास आकडा यायला हवा. फारच कमी आला तर परफॉर्मन्स प्रोफाइल ‘लाइट’वर आहे का ते आधी पाहा. नवा सेटअप किंवा मोठं अपडेट झाल्यावर पहिले तीन-चार दिवस मोजूच नका. मागे ॲप नव्याने जुळवली जात असतात, फोटोंची अनुक्रमणी चालू असते. तीन वेळा चालवा आणि मधला आकडा लिहा. सर्वांत मोठा आकडा लिहिण्याचा मोह टाळा.

१२८ जीबीच्या फोनमध्ये यूएफएस ३.१ प्रकारचं स्टोरेज आहे, २५६ मध्ये यूएफएस ४.०. क्रमवार वाचनाची कमाल मर्यादा सेकंदाला अनुक्रमे साधारण २१०० आणि ४२०० एमबी. वापरलेला फोन घेताना स्टोरेजची चाचणी चालवून पाहा. वाचन २१०० च्या बरंच वर गेलं तर ४.० नक्की.

नोंद ४: विसावं मिनिट

छोट्या फोनचं खरं दुखणं हेच, म्हणून इथे हिशोब सविस्तर.

एस २३ चं सगळं बाहेरचं पृष्ठफळ, पुढचं, मागचं आणि कडा धरून, साधारण २४० चौरस सेंटीमीटर. एस २३ अल्ट्राचं २९८. चिप तीच, पण उष्णता बाहेर टाकायला अल्ट्राला चोवीस टक्के जास्त अंग आहे. आत व्हेपर चेंबर आहे, पण त्याचं काम उष्णता एका जागेवरून अंगभर पसरवण्याचं. ती हवेत जायची तर पृष्ठभागावरूनच.

स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंश फरकाला ढोबळ १० वॉट टाकतो असं धरा, आणि हाताला सोसणारी कमाल ४३ अंश. खोली २५ अंशांवर असेल तर फरक १८ अंशांचा, म्हणून एस २३ साधारण ४.३ वॉट बाहेर टाकू शकतो. खोली ३५ वर गेली तर १.९ वॉट. ४० वर गेली तर ०.७! पूर्ण भाराखाली चिप यापेक्षा कितीतरी जास्त ओढते, तेव्हा वेग कमी करण्यावाचून फोनला गत्यंतरच नसतं. शिवाय सगळं अंग एकसारखं तापत नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडे याहून थोडे खालीच राहतात. कंपनीनेही वापरासाठी ० ते ३५ अंश सांगितले आहेत, आणि नागपूर-चंद्रपूरकडचा मे महिना ती रेघ दहा अंशांनी ओलांडतो.

चाचणीची पद्धत:

— कव्हर काढा, विमान मोड लावा, ब्राइटनेस अर्ध्यावर, ऑटो बंद, बॅटरी ८० ते ९० टक्के.
— अर्धा तास फोन बंद स्क्रीनने ठेवा. खोलीचं तापमान लिहा.
— छताचा पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने वरच्या हिशोबातला १० चा आकडा दुपटीच्या घरात जातो. कोणाचा फोन ‘थंड’ आणि कोणाचा ‘गरम’ यावरच्या अनेक भांडणांमागे नुसता पंखा असतो.
— फोन लाकडी टेबलावर दोन पेन्सिलींवर ठेवा, म्हणजे पाठीला हवा लागेल.
— थ्रीडीमार्क या ॲपची वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट (ग्राफिक्सची चाचणी) चालवा. वीस फेऱ्या, प्रत्येकी एक मिनिट.

शेवटी ‘स्टॅबिलिटी’ म्हणून टक्केवारी येते: सर्वांत कमी फेरी भागिले सर्वांत जास्त फेरी. एवढ्यावर निकाल लावू नका. जो फोन सुरुवातीलाच हळू चालतो त्याची स्टॅबिलिटी ९५ टक्क्यांच्या वरही दिसते. शेवटच्या पाच फेऱ्यांची सरासरी काढा आणि दोन फोनची तुलना त्या आकड्यावर करा.

तापमान इन्फ्रारेड गनने घ्यायचं असेल तर मागच्या काचेवर घ्या. उघड्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर गन खोटं कमी दाखवते, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. फ्रेम मोजायचीच असेल तर तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर मोजा.

नुसत्या बेंचमार्कवर विसंबू नका. मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने गॅलेक्सी एस १० ते एस २२ यादीतून काढले ते याच कारणाने: फोनमधली एक सेवा गेम आणि ॲपचा वेग आवरत होती, बेंचमार्कला मात्र मोकळं सोडत होती. म्हणून एक खरा गेम अर्धा तास खेळा, डेव्हलपर पर्यायांतलं जीपीयू वॉच (फ्रेमचा दर स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करून फ्रेमचा दर दर पाच मिनिटांनी टिपा. सरासरीपेक्षा दर किती वेळा कोसळला ते लिहा, हाताला जाणवतं ते तेच.

इथे एस २३ ची एक सोय फार मोलाची आहे. गेम बूस्टर या गेम खेळतानाच्या मेनूमध्ये ‘पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ हा पर्याय आहे. २५ वॉटचा पीपीएस (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा) चार्जर जोडलेला आणि बॅटरी वीस टक्क्यांच्या वर असेल तर वीज थेट फोनला जाते, बॅटरी चार्ज होत नाही. चार्जिंगची उष्णता वाचते. चार्जर लावून खेळणाऱ्यांनी हे चालू केल्याशिवाय गेम सुरू करू नये.

नोंद ५: बॅटरी

३९०० एमएएच, म्हणजे साधारण १५ वॉट-तास. २५ वॉटचा वेग फक्त पीपीएस असलेल्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरवर मिळतो. खोक्यात चार्जर नाही. लॉक स्क्रीनवर ‘सुपर फास्ट’ऐवजी नुसतं ‘फास्ट’ दिसलं तर आधी चार्जरला पीपीएस आहे का ते पाहा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवली की हातात ३१२० एमएएच उरतात. छोट्या फोनला ही कपात जड जाते, त्यामुळे दिवसभर बाहेर असणाऱ्यांना ‘बेसिक’ पर्याय बरा: १०० वर थांबतो आणि ९५ वर आला की पुन्हा भरतो.

बाकी कामं

नोंद ४ ची वीस फेऱ्यांची चाचणी ‘लाइट’ प्रोफाइलवर परत घ्यायची आहे. पहिली फेरी खाली येईल, प्रश्न शेवटच्या पाचांचा आहे. त्यानंतर तीच चाचणी बिनएसीच्या खोलीत, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एकदा पंखा बंद ठेवून आणि एकदा पाचवर ठेवून. तुमच्याकडे एस २३ असेल तर आकड्यांसोबत चार गोष्टी लिहून ठेवा: खोलीचं तापमान, पंखा, कव्हर, आणि फोन १२८ चा की २५६ चा.