पाच, तीन आणि चार

आमचा गणिताचा तास कधीकधी व्हरांड्यातल्या पाण्याच्या पिंपापाशी भरायचा. सर पत्र्याचे दोन डबे आणायचे, एक 5 लिटरचा, एक 3 चा. आत ना रेघ, ना खूण. 'बरोब्बर 4 लिटर काढा. ओतून द्याल ते पाणी जास्वंदीला.'

एकाने डोकं चालवलं. भरलेला डबा तिरका करत नेला आणि पाण्याची एक कड काठाला, दुसरी तळाच्या कोपऱ्याला टेकली तिथे थांबला. अर्धं राहिलं! 5 चं अर्धं अडीच, 3 चं अर्धं दीड, मिळून चार. सर खूश झाले. मग डब्याला आलेला पोचा त्याला दाखवून म्हणाले, 'अर्धं? यात?' तेव्हापासून डबा तिरका करायला बंदी.

मग सरळ वाट. 5 चा भरायचा, त्यातून 3 चा भरून घ्यायचा, मागे राहतात 2. 3 चा रिकामा करून ते 2 त्यात घालायचे. 5 चा पुन्हा भरायचा. 3 च्या डब्यात आता एकाचीच जागा, तेवढं ओतलं की मोठ्यात 4. हातातल्या पाण्यापेक्षा रिकाम्या जागेकडे बघा, असं सर सारखं म्हणत.

खरी गंमत पुढच्या तासाला. डबे 6 आणि 4 चे, काढायचे 5. आम्ही तास संपेपर्यंत ओतत बसलो, जास्वंदीखाली चिखल झाला. सर गप्प! अखेर मागच्या बाकावरची एक मुलगी वैतागून म्हणाली, 'सर, विषम येतच नाही.' फळ्यावर त्यांनी एवढंच लिहिलं: 6 आणि 4 चा मसावि 2. मसावि, म्हणजे दोन्ही संख्यांना पूर्ण भाग देणारी सर्वांत मोठी संख्या, तोवर आमच्यासाठी नुसते परीक्षेतले दोन मार्क. भरा, ओता, रिकामं करा, काहीही करा, जमेल ते माप 2 च्याच पटीत. 5 आणि 3 चा मसावि 1, म्हणून तिथे 4 निघाले. 'जमत नाही' हेही सिद्ध करता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कॉलेजात याची रीतसर सिद्धता भेटली, पण ती पाठ करावी लागली नाही.

अशी कोडी फार जुनी. 8, 5 आणि 3 ची भांडी घेऊन 8 चे दोन सारखे वाटे करायचं कोडं 13व्या शतकातल्या एका जर्मन इतिवृत्तात सापडतं. सरांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते हे कोडं शेर या जुन्या मापात घालायचे.

स्मरणिका वाचणाऱ्या आताच्या मुलांनो, डबे 11 आणि 7 चे, काढायचे 2. दोन्हीकडून सुरुवात करता येते, पण 7 पासून केलीत तर लवकर सुटाल.